झडप बदलली, भीतीचं काय?

आमच्या न्हावऱ्यात 'व्हॉल्व्ह' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. विहिरीवर मोटर असलेल्या प्रत्येक घरात तो माहीत असतो. पाइपाच्या तळाशी पाण्यात बुडालेला फूटव्हॉल्व्ह असतो. आमच्याकडे त्याला सरळ 'फुटबॉल' म्हणतात. पाणी वर जाऊ द्यायचं, खाली येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. तो गळायला लागला की मोटर नुसती फिरते आणि पाणी चढत नाही. मग कुणीतरी विहिरीत उतरतो, फुटबॉल बदलतो आणि संध्याकाळी उसाला पाणी सुरू होतं.

हृदयातल्या चार झडपांचं काम अगदी हेच आहे: रक्त एकाच दिशेनं जाऊ द्यायचं. झडप अरुंद झाली किंवा गळायला लागली की हृदय जास्त जोर लावतं आणि शेवटी थकतं. मग झडप दुरुस्त करतात किंवा बदलतात. आत्याच्या ऑपरेशनआधी मी घरच्यांना हेच उदाहरण दिलं होतं. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, आणि सगळ्यांना ते पटलं. उदाहरण बरोबरही होतं. पण विहिरीतल्या मोटरीला रात्री भीती वाटत नाही. फुटबॉल बदलल्यावर 'आता मी पूर्वीसारखी आहे का?' असं ती कुणाला विचारत नाही.

पुढे नोकरी लागल्यावर, हिंजवडीच्या बसमध्ये रोजचे दोन तास हाताशी असल्यामुळे, मी झडपेच्या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचत गेलो. वाचता वाचता लक्षात आलं की हे दोन इतिहास आहेत. एक हातांचा आणि यंत्रांचा. तो सगळीकडे सापडतो. दुसरा बोलण्याचा: रुग्णाशी कोण बोललं, कधी बोललं आणि त्यानं काय झालं. तोही पहिल्याइतकाच जुना आहे, पण थोडा थोडा विखुरलेला. हा लेख त्या दुसऱ्या इतिहासाबद्दल आहे.

घशातून हृदयात

सुरुवात साध्या घसादुखीपासून होते. एका विशिष्ट जातीच्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे लहान मुलाचा घसा सुजतो. चार दिवसांत तो बरा होतो. पण काही मुलांमध्ये त्या जंतूंशी लढायला उठलेली शरीराची फौज नंतर स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर चालून जाते. यालाच संधिवाताचा ताप म्हणतात, इंग्रजी नावानं ऱ्हूमॅटिक फीव्हर. सांधे सुजतात आणि पुन्हा पूर्ववत होतात. झडपा मात्र बऱ्याचदा तशा होत नाहीत. त्या जाड होतात, त्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात. सगळ्यात जास्त मार बसतो तो डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेला.

हा आजार गर्दीचा आहे. एका खोलीत आठ माणसं झोपतात तिथे एकाचा घसा दुसऱ्याला लागतो. युरोप-अमेरिकेत घरं मोठी झाली, पेनिसिलिन आलं आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. आपल्याकडे तो राहिला. आमच्या घोडगंगा कारखान्यासारख्या कुठल्याही साखर कारखान्याच्या परिसरात हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. त्या पाहिल्या की असा आजार का राहतो, ते वेगळं सांगावं लागत नाही. मुलाचा घसा दुखतो म्हणून कोयता खाली ठेवून दवाखाना गाठणं तिथे परवडत नाही.

गंमत म्हणजे औषध आमच्याच जिल्ह्यात तयार होत होतं. स्वतंत्र भारतातला पेनिसिलिनचा पहिला सरकारी कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ मध्ये पिंपरीत उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत त्याला होती. संधिवाताचा ताप एकदा येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी लांब पल्ल्याच्या पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं दिलं, तर ताप पुन्हा उलटत नाही आणि झडप वाचण्याची शक्यता खूप वाढते. उपाय एवढा साधा आहे. पण त्यासाठी आधी कुणीतरी ओळखावं लागतं. आत्या अकरा-बारा वर्षांची असताना तिचे गुडघे आणि घोटे सुजले होते. 'वाढीचं अंग आहे, दुखणारच,' असं घरातल्या मोठ्यांनी म्हटलं आणि तेल चोळलं. त्या काळी न्हावऱ्यातल्या कुठल्याही घरात हेच झालं असतं.

बोट आणि आगगाडी

अरुंद झालेली झडप मोकळी करायची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९२३ मध्ये बोस्टनच्या इलियट कटलर यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या धडधडत्या हृदयात अवजार घालून मायट्रल झडपेवर शस्त्रक्रिया केली. ती मुलगी चार वर्षांहून जास्त जगली. त्यानंतरचे त्यांचे रुग्ण मात्र वाचले नाहीत. १९२५ मध्ये लंडनच्या हेन्री सूटर यांनी अवजाराऐवजी स्वतःचं बोट एका तरुण मुलीच्या हृदयात घातलं आणि झडप चाचपली. मुलगी बरी होऊन घरी गेली. पण पुढे एकाही डॉक्टरनं त्यांच्याकडे असा दुसरा रुग्ण पाठवला नाही. हृदयाला हात लावायचा नसतो, हा समज इतका घट्ट होता.

मग मध्ये तेवीस वर्षं गेली. १९४८ च्या जून महिन्यात फिलाडेल्फियात चार्ल्स बेली आणि बोस्टनमध्ये ड्वाइट हार्केन यांनी काही दिवसांच्या अंतरानं ही शस्त्रक्रिया यशस्वी केली. बेलींचे त्याआधीचे चार रुग्ण दगावले होते. त्यांना खाटीक म्हणणारे लोक त्यांच्याच व्यवसायात होते. १० जूनला पाचवी रुग्ण वाचली. त्यानंतर बेलींनी जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. शस्त्रक्रियेला जेमतेम आठवडा झालेला असताना त्यांनी त्या तरुणीला आगगाडीत बसवलं, हजार मैलांवर शिकागोला नेलं आणि डॉक्टरांच्या परिषदेत सगळ्यांसमोर उभं केलं.

हे कशासाठी? कागदावरचे आकडे आणि आकृत्या डॉक्टरांना पुरत नव्हत्या म्हणून. आयुष्यभर शास्त्र शिकलेल्या माणसांनाही विश्वास बसायला समोर चालतंबोलतं माणूस लागलं. मग ज्याच्या छातीवर सुरी चालणार आहे त्याला ते लागणार नाही का?

हे सगळ्यात आधी कळलं ते रुग्णांनाच. हार्केन यांच्याकडे शस्त्रक्रिया झालेल्या चार रुग्णांनी १९५१ मध्ये बोस्टनमध्ये एक मंडळ सुरू केलं आणि त्याला नाव दिलं 'मेंडेड हार्ट्स', म्हणजे सांधलेली हृदयं. काम एकच. ज्याची शस्त्रक्रिया व्हायची आहे त्याच्या खाटेशेजारी जाऊन बसायचं आणि सांगायचं, मीही इथेच पडलो होतो, आज बघ, जिना चढून तुला भेटायला आलोय. डॉक्टर हार्केन यांनी या मंडळाला पाठिंबा दिला. आज सत्तर वर्षांनंतरही ते चालू आहे आणि अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत त्याचे स्वयंसेवक जातात. यातली वेळ पाहा. कृत्रिम झडप अजून कुणाच्या हृदयात बसायची होती, हार्ट-लंग मशीनवरची पहिली यशस्वी शस्त्रक्रियाही झालेली नव्हती. म्हणजे धीर देणारी माणसं यंत्राच्या आधी आली.

आपल्याकडे याच पन्नासच्या दशकात परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन हृदयाच्या शस्त्रक्रियांचा पाया घालत होते. याच सेनांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी केईएममध्ये भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. बर्नार्ड यांच्या जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. पण रोजचं काम प्रत्यारोपणाचं नव्हतं. बोटानं मायट्रल झडप मोकळी करायची शस्त्रक्रिया आपल्या देशात खूप वर्षं टिकली, कारण तिला महागडं यंत्र लागत नव्हतं आणि रुग्णांची रांग संपत नव्हती. त्या रांगेत तरुण बायका बऱ्याच असत. अरुंद झडप लक्षात येते ती अनेकदा बाळंतपणात, कारण पोटात बाळ असताना अंगातलं रक्त वाढतं आणि ते त्या चिंचोळ्या दारातून जात नाही. दम लागायला लागतो. 'पहिलटकरीण आहे, लागतो दम,' असं म्हणून तो दमही घरात खपून जातो.

पंपवाला इंजिनिअर

इथून पुढचा भाग माझ्या आवडीचा, कारण त्यात इंजिनिअर येतो. १९५३ च्या मे महिन्यात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन वापरून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली आणि हृदय थांबवून, उघडून काम करणं शक्य झालं. मग १९५८ मध्ये लोवेल एडवर्ड्स नावाचे एक निवृत्त इंजिनिअर ओरेगनमधल्या डॉ. अल्बर्ट स्टार यांना भेटायला आले. एडवर्ड्स यांचं आयुष्य पंप आणि द्रवाचे दाब यांत गेलं होतं. त्यांना संपूर्ण कृत्रिम हृदय बनवायचं होतं. तरुण सर्जन म्हणाले, आधी एक झडप करून बघू.

दोन वर्षांत झडप तयार झाली: एक पिंजरा आणि त्यात वर-खाली होणारा गोळा. गोळा खाली बसला की दार बंद. आमच्याकडे हे चित्र कुणाही मोटर दुरुस्त करणाऱ्याला दाखवलं तर तो लगेच ओळखेल. सप्टेंबर १९६० मध्ये ही स्टार-एडवर्ड्स झडप बसवलेला ५२ वर्षांचा एक गृहस्थ पुढे दहा वर्षं जगला, आणि गेला तो घराला रंग देताना शिडीवरून पडून. झडप चालूच होती.

भारतात बाहेरून येणारी झडप गरिबाला परवडत नव्हती. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्यासोबतचे इंजिनिअर दहा-बारा वर्षं देशी झडपेमागे लागले होते. पहिली तीन मॉडेलं फसली. चौथं टिकलं आणि ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसलं. 'चित्रा झडप' आज हजारो भारतीयांच्या छातीत उघडझाप करते आहे. आमच्या क्षेत्रात तीन व्हर्जन फसली की प्रॉजेक्ट बंद होतो आणि मॅनेजर बदलतो. त्या लोकांनी चौथं केलं, याबद्दल मला फार आदर वाटतो.

ऑपरेशन यशस्वी, रुग्ण घाबरलेला

पण स्टार यांनाच लवकर लक्षात आलं की झडप नीट चालत असूनही काही रुग्ण वेगळेच वागू लागतात. शस्त्रक्रियेनंतर दोन-चार दिवसांनी त्यांना दिवस-रात्र कळेनाशी होते, भिंतीवर नसलेल्या गोष्टी दिसतात, परिचारिका आपल्याला मारायला आली आहे असं वाटतं. १९६४ मध्ये पॉल ब्लॅचली या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर त्यांनी यावर निबंध लिहिला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या डोनाल्ड कॉर्नफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी छापली. ओपन हार्ट शस्त्रक्रिया झालेल्या प्रौढ रुग्णांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक जणांना हा भ्रम झालेला आढळला. कारणांत हृदयाचा आजार आणि मशीनवर गेलेला वेळ होताच, पण अतिदक्षता विभागही होता: चोवीस तास जळणारे दिवे, यंत्रांचे सततचे आवाज, तुकड्यातुकड्यांची झोप. म्हणजे जी खोली रुग्णाला वाचवायला बांधली, तीच त्याला भ्रमात टाकायला हातभार लावत होती.

आता त्याच काळातला, १९६४ चाच, एक प्रयोग बघा. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एगबर्ट या भूलतज्ज्ञानं पोटाची शस्त्रक्रिया होणाऱ्या ९७ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आदल्या रात्री भेटून सविस्तर सांगितलं: उद्या जाग आल्यावर दुखेल, इथे दुखेल, एवढा वेळ दुखेल, ते का दुखतं, आणि कूस कशी बदलायची म्हणजे कमी दुखेल. दुसऱ्या गटाला दुखण्याबद्दल काही सांगितलं नाही. भूल तीच होती, शस्त्रक्रियाही त्याच प्रकारच्या. निकाल असा लागला की ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांना वेदनाशामक जवळपास निम्मं लागलं, आणि ते सरासरी दोन दिवसांहून अधिक आधी घरी जाण्याइतके बरे झाले.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचलं. बोलण्याची मात्रा मोजता येते! धीर देणं म्हणजे आपण चांगुलपणा समजतो, वरचं काहीतरी, वेळ असला तर करायचं. इथे ते औषधाच्या रकान्यात बसलं होतं. आणखी एक गोष्ट अशी की एगबर्टनी 'काही होणार नाही, घाबरू नका' असं म्हटलं नव्हतं. दुखणार हे त्यांनी आधी कबूल केलं होतं. आपल्या घरांत नेमकं याच्या उलट चालतं. 'तिला काही सांगू नका, उगाच घाबरेल.' आत्यालाही ऑपरेशनआधी फक्त 'छोटंसं आहे' एवढंच सांगितलं गेलं होतं. शुद्धीवर आली तेव्हा तोंडात नळी होती आणि हात बांधलेले होते. रुग्णानं अर्धवट शुद्धीत नळी ओढू नये म्हणून हात बांधतात. तिला वाटलं, आपल्याकडून काहीतरी गुन्हा घडलाय.

कागदाला मित्र मिळाला

रुग्णालयात बोलण्यासाठी पगारी माणूस ठेवावा, ही कल्पनाही बोस्टनचीच. मॅसॅच्युसेट्स जनरलमध्येच १९०५ साली डॉ. रिचर्ड कॅबट यांनी रुग्णांच्या घरची परिस्थिती समजून घेणाऱ्या समाजसेविकेची नेमणूक केली. ही कल्पना मुंबईला पोचायला चाळीस वर्षं लागली. आज आपण टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणतो ती संस्था १९३६ मध्ये सुरू झाली आणि १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. तेव्हापासून मोठ्या सरकारी रुग्णालयांत ही पदं आहेत. पण तिथली माणसं कशात बुडालेली असतात? ट्रस्टची पत्रं, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला. पैसेच नसतील तर भीतीबद्दल काय बोलणार, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नाही.

मग २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ च्या अखेरीस सगळ्या राज्यात आली, आणि २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव आहे. झडपेची शस्त्रक्रिया या योजनेत बसते. आत्याचं ऑपरेशन पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात याच योजनेतून झालं. शेत विकायला लागलं नाही. ज्यांनी आधीच्या पिढीत हृदयाच्या आजारापायी शेत विकलेलं पाहिलंय त्यांना विचारा, याची किंमत काय आहे ते. योजनेच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाला सरकारनं फार सुंदर नाव दिलंय: आरोग्यमित्र. आमच्या आरोग्यमित्रानं कागद पटापट लावून दिले. कागदाला मित्र मिळाला. भीतीला अजून मिळायचा आहे.

घरी आल्यावरचा आवाज

झडपेच्या शस्त्रक्रियेचा अवघड भाग रुग्णालयात संपतो, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. खरं तर आठव्या-दहाव्या दिवशी शिक्रापूरमार्गे गाडी न्हावऱ्यात येते आणि दुसरा भाग सुरू होतो.

धातूची झडप वाजते. घड्याळासारखी बारीक टिकटिक, दिवसा कळत नाही, पण रात्री कारखान्याच्या रस्त्यावरचे ट्रॅक्टर थांबले की ऐकू येते. आत्या कित्येक महिने उन्हाळा असो की थंडी, पंखा लावून झोपायची. 'मला वाटायचं समद्यांला ऐकू जातंय,' असं तिनं मला नंतर सांगितलं. ठोके मोजायची सवय लागली. एखादा ठोका मागेपुढे झाला की उठून बसायची आणि पहाट व्हायची वाट बघायची.

दुसरी गोष्ट गोळीची. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. या औषधाची कुळकथा शेतकऱ्यांची आहे. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्तानं भरलेला कॅन घेऊन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आला. जनावरं बुरशी आलेला घासचारा खाऊन रक्तस्रावानं मरत होती. त्या चाऱ्यातलं द्रव्य लिंक यांनी शोधलं आणि त्यातून पुढे वॉरफरिन आलं, आधी उंदीर मारायला, मग १९५० च्या दशकात माणसांना वाचवायला. आपल्याकडे त्याचंच एक भावंडं जास्त वापरतात. दोन्हींत जागा अरुंद आहे: गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून आयएनआर नावाची रक्ततपासणी ठरावीक दिवसांनी करायची. मायट्रल झडप धातूची असेल तर तो आकडा साधारण अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायला सांगतात. मेथी, पालक एकदम वाढवली किंवा बंद केली तरी आकडा हलतो. ज्या बाईनं आयुष्यभर पोराबाळांच्या ताटातलं उरलेलं खाल्लं, तिला आता आपल्या ताटातली भाजी मोजायची असते.

तिसऱ्या गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही. छातीच्या मधोमध गळ्याखालून उतरणारा व्रण. आत्याचं लग्न होऊन वीस वर्षं झाली होती, तरी ती पदर पिन लावून घ्यायची. विशी-बाविशीत झडप बदललेल्या मुलीचं काय होत असेल? तिचं लग्न कसं जमवायचं, समोरच्यांना सांगायचं की नाही? त्यात ही गोळी गर्भाला धोक्याची, म्हणजे मूल हवं तर प्रत्येक पाऊल डॉक्टरांना विचारून, गोळीच्या जागी इंजेक्शनं घेऊन. कुठली झडप बसवायची, धातूची की प्राण्याच्या ऊतीची, हा निर्णयसुद्धा या प्रश्नाशी बांधलेला असतो. ऊतीच्या झडपेला बहुतेक वेळा जन्मभर ही गोळी लागत नाही, पण ती काही वर्षांनी झिजते आणि पुन्हा छाती उघडावी लागते. हे बोलणं ऑपरेशनच्या आधी, त्या मुलीशी व्हायला हवं. बऱ्याचदा ते बाहेरच्या बाकावर, तिच्या वडलांशी होतं.

भेटायला येणारे मात्र भरपूर होते. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे भांडण असल्यासारखं. शहाळी, बिस्किटाचे पुडे, मांडवगणवरून कुणी, निर्वीवरून कुणी. प्रेम खरं होतं. पण प्रत्येक जण विचारायचा, 'आता बरं आहे ना?' या प्रश्नाला एकच उत्तर चालतं. आत्या ते देत राहिली. घरच्यांना तिनं बरं असणं गरजेचं होतं, म्हणून ती घरच्यांसमोर बरी होती. आपली माणसं आधार देतात हे खरंच आहे, पण रुग्ण त्याच वेळी त्यांनाही सांभाळत असतो, हे आम्हाला दिसलं नाही. हे ज्याच्यापासून लपवावं लागत नाही असा माणूस वेगळाच असावा लागतो.

तो तिला रक्त तपासायच्या रांगेत भेटला. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, झडप बदलून सहा वर्षं झालेली. आत्यानं हळूच विचारलं, 'काका, तुमची वाजती का?' ते हसले आणि म्हणाले, 'ताई, मोटर चालू असल्यावर आपण निवांत झोपतो. आवाज बंद झाला की पळतो. वाजतीय तोवर निवांत झोपायचं.' त्या रात्री पंखा बंद होता. पुढे दर महिन्याला तपासणी झाली की दोघांचा फोन व्हायचा: तुमचा किती आला, माझा एवढा आला. त्या फोनवर आत्या हसायची, चिडायची आणि एकदा रडलीही. काकांनी तिला औषध कधीच सांगितलं नाही. गोळीचं डॉक्टरांना विचारायचं, भीतीचं आपसात बोलायचं, असा त्यांचा नेम होता.

बोस्टनच्या त्या चार रुग्णांनी १९५१ मध्ये जे शोधलं ते या दोघांनी पुन्हा शोधलं होतं, तेही योगायोगानं. योगायोगाची मला इंजिनिअर म्हणून भीती वाटते. ज्या दिवशी काका रांगेत नसते, त्या दिवशी काय? चांगली गोष्ट कुणाच्या तरी चांगुलपणामुळे घडत असेल तर ती दहापैकी दोघांना मिळते. व्यवस्थेत बसवली तर दहांना मिळते.

आणि मराठी माणसाला हे जमत नाही असंही नाही. डॉ. अभय बंग यांना चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. त्यावर त्यांनी लिहिलेलं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' किती घरांत उशाशी असतं! त्यांचा आजार झडपेचा नव्हता, रक्तवाहिन्यांचा होता. पण मी घाबरलो होतो, असं एका डॉक्टरनं मराठीत मोकळेपणानं सांगणं हाच हजारोंना आधार झाला. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. तिथे लोक आपला थरथरणारा हात न लपवता चहा पितात.

झडपेच्या रुग्णांसाठी असं काही करायला नवी इमारत लागत नाही. रक्त तपासणीच्या दिवशी सगळे तसेही एका बाकावर बसलेले असतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, आधी झालेल्या एखाद्या रुग्णाची पंधरा मिनिटांची भेट. 'जाग येईल तेव्हा तोंडात नळी असेल, हात बांधलेले असतील, ते तुझ्यासाठीच आहे, उद्या काढतील' एवढं मराठीत सांगणारा एक कागद, आणि वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवणारं माणूस. घरी गेल्यावर आशाताईच्या वहीत एक जास्तीचा प्रश्न: झोप लागते का? आणि शाळा तपासणाऱ्या पथकाला पोराचे गुडघे सुजून गेल्याचं सांगणारी आई, म्हणजे ही सगळी वाटच त्या पोराच्या नशिबी यायची नाही.

तुमच्या घरात, वाड्यावर, ऑफिसात कुणाच्या छातीवर तो उभा व्रण असेल, तर 'आता बरं आहे ना?' विचारू नका. 'रात्री ऐकू येते का?' असं विचारा, आणि मग गप्प बसून ऐका. उत्तराला वेळ लागतो.